परतीचा पट

बदनापूर तालुक्यातल्या एका गावात शंकरपटाचा निकाल लागला की भांडण ठरलेलं. हरलेल्याची तक्रार दर साली तीच: आमची जोडी सुटली तेव्हा वारं तोंडावर होतं, तुमची सुटली तेव्हा पाठीवर. ते अगदीच खोटं नव्हतं. या गावची दाण, म्हणजे बैलजोड्या पळतात तो पट्टा, मारुतीच्या पारापासून निघून दुधनेच्या दिशेनं जाते आणि नदीकडं जाणारी जमीन असते तशी ती किंचित उतरती आहे. सकाळच्या पडत्या वाऱ्यात पळालेली जोडी आणि दुपारच्या वावटळीत पळालेली जोडी, दोन्हींना माप एकाच घड्याळाचं, आणि घड्याळ गुरुजींच्या हातात. गुरुजींचा अंगठा कुणाच्या वेळी चटकन दाबतो आणि कुणाच्या वेळी रेंगाळतो, यावरून गावात दोन पक्ष पडलेले.

मधली काही वर्षं हे भांडण बंद होतं, कारण पटच बंद होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तोवर दाणीवर बाभळी आल्या होत्या, गोखरू पसरला होता आणि महामार्गाच्या कामाचे डंपर येता-जाता दगडमुरूम सांडून गेले होते. तरी गावानं पट पुन्हा भरवला. पहिल्याच वर्षी भांडणही पुन्हा भरलं.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष एका जोडीवर होतं. जोडीच्या मालकाला आपण काका म्हणू. त्यांचं रान समृद्धी महामार्गात गेलं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हा गावात मोबदला कधीच येऊन पोचला होता आणि बराचसा खर्चूनही झाला होता. कुणी जालन्यात प्लॉट घेतला, कुणी लेकीचं लग्न उरकलं, कुणी चारचाकी आणली. काकांनी जोडी घेतली. किंमत त्यांनी घरातसुद्धा खरी सांगितली नाही, त्यावरून गावानं काय ते ओळखलं.

काकांचा पुतण्या जालन्याला पॉलिटेक्निकला होता आणि राहायला मामाकडं. मामाचं औद्योगिक वसाहतीत लेथचं दुकान. जालन्याची सळई महाराष्ट्रभर जाते. त्या सळईच्या अंगावर जी उभारलेली नक्षी असते, ती रोलिंग मिलच्या रोलमधल्या खाचांतून उमटते. रोल झिजले की खाचा पुन्हा कापाव्या लागतात, तेच मामाचं काम. बोलणं कमी, प्रश्न जास्त असा माणूस. रोल लेथवर चढवला की आधी डायल गेज लावून तो किती हेलकावतो ते बघायचं आणि मगच हत्याराला हात घालायचा, ही त्याची सवय माणसांच्या बाबतीतही लागू होती.

एकदा पोरगा रात्री उशिरा आला तो हवेतच. मित्राच्या वडलांच्या गाडीतून समृद्धीवर जाऊन आलेले. मोबाइलमध्ये वेगाच्या काट्याचं चित्रीकरण: काटा एकशे सत्तरवर. महामार्गावर मर्यादा एकशे वीसची आहे, हे मामानं काढलंच नाही.

त्यानं विचारलं, ‘‘टायरच्या अंगावर शेवटचे चार आकडे काय होते?’’

‘‘कसले आकडे?’’

‘‘कितव्या आठवड्यात, कोणत्या साली बनलं ते. बघितलं नाही ना? गाडी मित्राच्या बापाची, त्यानंही बघितलं नसणार. जेव.’’

पोरगा चिडला. जेवता जेवता म्हणाला, ‘‘मामा, एकशे सत्तर म्हणजे काहीच नाही. जगात लोक ताशी बाराशे किलोमीटरनं गेलेत. गाडीनं. जमिनीवर.’’

‘‘चाकांवर?’’

‘‘चाकांवर. पंधरा ऑक्टोबर एकोणीसशे सत्त्याण्णव. अमेरिकेत नेवाडाचं ब्लॅक रॉक वाळवंट. थ्रस्ट एसएससी. लढाऊ विमानाची दोन जेट इंजिनं, रोल्स-रॉइसची. चालवणारा अँडी ग्रीन, ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक. ताशी बाराशे सत्तावीस पूर्णांक नऊशे पंच्याऐंशी. आवाजापेक्षा जास्त.’’

हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या आधीचंही. १९७० साली गॅरी गॅबेलिचनं ब्लू फ्लेम ही रॉकेटची गाडी बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी हजार किलोमीटरच्या पुढं नेली. तिचं इंधन हायड्रोजन पेरॉक्साइड आणि द्रवरूप नैसर्गिक वायू. मग १९८३ मध्ये रिचर्ड नोबलनं जेटवरच्या थ्रस्ट २ नं तो विक्रम मोडला, आणि पुढं त्याच नोबलच्या चमूनं ग्रीनची गाडी बांधली. १९९७ नंतर कुणालाच त्यापुढं जाता आलेलं नाही.

मामानं ऐकून घेतलं. ‘‘टायर कोणतं?’’

ते पोराला ठाऊक नव्हतं. सकाळी शोधून सांगितलं: टायर नाहीच, सगळं चाक ॲल्युमिनियमचं. थ्रस्टनंतर ब्लडहाउंड नावाची गाडी बांधली, तिची चाकं ९० सेंटिमीटर व्यासाची, एकेक ९५ किलोचं, मिनिटाला १०,२०० फेरे घेतील अशी आखलेली. त्या फिरण्यात कडेच्या एका ग्रॅमचं वजन पन्नास किलोइतकं भासतं. रबर तिथं टिकेल कसं, फाटून उडून जाईल.

‘‘आता बरोबर,’’ मामा म्हणाला आणि लेथ सुरू केला. त्याचे रोल मिनिटाला काही शे फेरे घेतात, त्यातही केसभर हेलकावा राहिला की सळई पास होत नाही. दहा हजार फेऱ्यांचं चाक ज्यानं कातलं असेल, त्याच्याबद्दल मामाला त्या दिवसापासून आदर वाटू लागला. चालवणाऱ्याबद्दल अजून नव्हता.

पुढचे काही आठवडे मामा संध्याकाळी एकेक प्रश्न टाकायचा. पोराकडं वेगाचे आकडे भरपूर होते. मामाला वेगाच्या अलीकडचं आणि पलीकडचं हवं असायचं.

‘‘थांबते कशी?’’

थांबण्याची गोष्ट पोराला सापडली ती क्रेग ब्रीडलव्हची. हा कॅलिफोर्नियाचा माणूस, ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ नावाची जेटची गाडी घेऊन बॉनव्हिलला आलेला. १५ ऑक्टोबर १९६४ ला त्यानं ताशी साधारण ८४७ किलोमीटरचा विक्रम केला. परतीच्या फेरीत मोजणीची रेषा ओलांडली आणि मागची पॅराशूटं फाटून गेली. ब्रेक दाबले तर ते जळून गेले. गाडी मैलोगणती घसरत गेली, तारेचा खांब मोडला, बांध ओलांडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात नाकावर पडली. ब्रीडलव्ह पोहत काठाला आला. विक्रम मान्य झाला, कारण मोजणी आधीच पुरी झाली होती.

मामा हसला नाही. ‘‘वेग मोजायला घड्याळ होतं. थांबणं कुणी मोजलं नाही, म्हणून ते राहिलं.’’ एवढं बोलून दुसरा प्रश्न: ‘‘जमीन कुणी केली?’’

‘‘जमीन करायची कशाला? सपाट वाळवंट असतं.’’

‘‘सपाट जमीन देव देत नसतो. शोध.’’

मला वाटतं, या सगळ्या विक्रमांच्या इतिहासात सांगण्यासारखी गोष्ट इथंच आहे आणि ती सर्वांत कमी सांगितली जाते. ब्लडहाउंडसाठी दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात हॅक्सकीन पॅन नावाचं कोरडं तळं निवडलं. वरून आरशासारखं सपाट, पण अंगात दगड. तिथल्या मिएर भागातली ३१७ माणसं कामाला लावली. त्यांनी हातांनी दगड वेचले: दोन कोटी वीस लाख चौरस मीटर जमिनीवरून साडेसोळा हजार टन. यंत्रानं दगड उकरले असते तर वरची माती फुटली असती, म्हणून हातानं. मोठा धोंडा तर नाहीच, लिंबाएवढा खडाही ठेवायचा नाही, कारण त्या वेगाला खडा गोळीसारखा लागतो. ओरेगनच्या अल्वर्ड वाळवंटात २७ ऑगस्ट २०१९ ला जेसी कॉम्ब्स ही चालक गेली. चौकशीत निघालं ते असं की पुढचं चाक निकामी झालं, आणि ते बहुधा जमिनीवरच्या कशावर तरी आदळून. तिचा ताशी ८४१ किलोमीटरचा महिलांमधला विक्रम तिच्या मृत्यूनंतर मान्य झाला.

हॅक्सकीन पॅनवर ब्लडहाउंड २०१९ च्या नोव्हेंबरात ताशी हजार किलोमीटरच्या पुढं गेली, ती चाचणीच होती. मग पैसे आटले. ग्रीनचा आकडा आहे तिथं आहे. दगड वेचलेली जमीन तेवढी तयार आहे.

पोरानं हे सांगितलं तेव्हा मामा बराच वेळ हात पुसत बसला. ‘‘आपल्या दाणीवर मागच्या साली एका बैलाचा खूर फाटला तो कशानं?’’ पोराला आठवलं. डंपरमधून सांडलेल्या खडीनं.

शेवटचा प्रश्न मामानं सहज विचारला. गाडी एवढी पलीकडं गेली, तर तिला परत कोण आणतं? ट्रकवर घालून?

पोरगा हसत म्हणाला, परतही तिलाच यावं लागतं, नाहीतर विक्रमच धरत नाहीत. आणि बोलता बोलता थांबला. आकडे पाठ करताना हा नियम त्याच्या डोळ्यांखालून शंभरदा गेला असेल. एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी पळायचं, दोन्हींची सरासरी घ्यायची आणि परतीची फेरी तासाच्या आत पुरी करायची. वारा एकदा पाठीवर तर एकदा तोंडावर, उतार एकदा तुमच्या बाजूनं तर एकदा तुमच्यावर. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं दोन दिशांचा हा नियम १९१० साली पॅरिसात ठरवला. १९०९ मध्ये एमरी नावाच्या फ्रेंच चालकानं इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर एकाच दिशेनं ताशी सुमारे २०२ किलोमीटर गाठले होते. १९१४ मध्ये हॉर्नस्टेडनं तिथंच दोन्ही दिशांनी गाडी पळवली तर सरासरी भरली सुमारे २००. म्हणजे परत यायला लावल्यावर जगाचा वेग कमी झाला! तरी विक्रम म्हणून नोंदला गेला तो हाच.

‘‘हे तुझ्या गावच्या गुरुजींना सांग,’’ मामा म्हणाला.

पौषात पंच कमिटी बसली. पोरगा कॉलेजात बनवलेले दोन सेन्सर घेऊन गेला होता: एक सुटण्याच्या रेषेवर, एक पोचण्याच्या, मधला किरण तुटला की घड्याळ आपोआप सुरू, आपोआप बंद. गुरुजींच्या अंगठ्याची सुटका झाली म्हणून सर्वांत आधी गुरुजीच खूश झाले. मग त्यानं दुसरी गोष्ट मांडली. प्रत्येक जोडीनं नदीकडं पळायचं, आणि तासाच्या आत उलट, नदीकडून पाराकडं. दोन्ही वेळांची सरासरी.

कमिटीत हशा पिकला. एकजण म्हणाला, बैल म्हणजे काय ॲपेरिक्षा आहे, रिटर्न भाडं मारायला? दुसरा म्हणाला, बैल गोठ्याच्या दिशेनं पळतो, नदीच्या दिशेनं नाही, उलट फेरीच जोरात होईल. पोलीस पाटलांनी विचारलं, कायद्यात बसतं का? तालुक्याच्या पशुवैद्यकांना फोन झाला. मधे पुरती विश्रांती आणि पाणी द्या, दुसऱ्या फेरीआधी मी जनावर तपासणार, एवढी अट त्यांनी घातली. वाऱ्याच्या नावानं रडणारे सगळे बाजूनं होते, कारण आता रडायला जागा उरणार नव्हती. निकाल काकांवर अडला. त्या गावात त्यांचा शब्द मोठा.

काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, ‘‘पोरगं आमचंच आहे, त्याचं कौतुक आम्ही नाही करायचं तर कुणी? दोनदा काय, दहादा पळवा. आमची जोडी आहे.’’

ठराव झाला.

दाण साफ करायचं काम ऐनवेळी कुणीच घेईना. ट्रॅक्टरला दाताळं लावून ओढू म्हणणारे होते. ते ओढलं असतं तर घट्ट बसलेली माती उकलून धूळ झाली असती. शेवटी एक म्हातारी पुढं आली. बहात्तरच्या दुष्काळात तिनं सडकेवर खडी फोडलेली. ‘‘रांग धरा. खांद्याला खांदा. मागं बघायचं नाही, पायापुढचं बघायचं,’’ म्हणाली आणि स्वतः टोपलं घेऊन मधोमध उभी राहिली. शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, नंतर लाजेनं गडीमाणसं. पोरगाही रांगेत होता. वाकून वाकून कंबर धरली तेव्हा त्याला हॅक्सकीन पॅनच्या ३१७ जणांची आठवण झाली असेल किंवा नसेलही. पलीकडं उंचावरून समृद्धीच्या गाड्या एकामागं एक सुसाट जात होत्या, त्यांच्याकडं मात्र त्यानं मान वर करून बघितलं नाही. वेचलेले धोंडे दाणीच्या दोन्ही अंगांना ताल घालून रचले. बहुतेकांना वाटलं होतं अर्ध्या दिवसाचं काम आहे. संक्रांत झाली तरी ते चाललंच होतं.

पटाच्या दिवशी रानात हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी निसवलेली. पंचक्रोशीतून जोड्या आल्या, जाफराबादकडूनही आल्या. चहाच्या गाड्या, रेवड्या, लाउडस्पीकर. पशुवैद्यक सकाळीच येऊन बसले.

पहिल्या फेरीत काकांच्या जोडीनं मैदान मारलं. झेंडी पडली आणि बैल असे उसळले की छकडी क्षणभर जमिनीवर नव्हतीच. लोकांनी टोप्या उडवल्या. सेन्सरच्या पाटीवर त्या दिवसाची सर्वांत कमी वेळ. मामा दाणीच्या टोकाला तालावर बसला होता, जोड्या थांबतात तिथं. बाकीच्या जोड्या पोचल्यावर धुरकरी कासरा आवळत ‘हो हो’ करायचा आणि बैल पन्नास पावलांत चालीवर यायचे. काकांची जोडी थांबेना. चार जणांनी आडवं होऊन धरली तेव्हा बैलांचे डोळे पांढरे झालेले, तोंडाला फेस, आणि धुरकऱ्यानं हात लावला की कातडी थरथरायची. मामानं ते बघितलं आणि उठून दुसरीकडं बसला.

दुसऱ्या क्रमांकावर होती जाफराबादकडची एक जोडी. मालक कोरडवाहू शेतकरी, स्वतःच धुरकरी. बैल शेतातले, नांगराचे. काकांच्या जोडीपेक्षा पाव सेकंदानं मागं. पोचल्यावर त्यानं बैल सोडले, सावलीला बांधले, पाणी दाखवलं आणि दाणीवरून पायी परत पाराकडं चालत जाऊन वाटेत बघत आला. काही खडे उचलून बाजूला टाकले. मग बैलांना हळूहळू त्याच वाटेनं थोडं उलटं फिरवून आणलं. लोकांना गंमत वाटली, बैलांना रस्ता दाखवतोय म्हणून.

परतीची फेरी सुरू झाली. निम्म्या जोड्या पळाल्याच नाहीत, नदीकडच्या रेषेवर गोलगोल फिरत राहिल्या. ॲपेरिक्षावाल्यानं आपला विनोद पुन्हा ऐकवला. जाफराबादची जोडी आली, उभी राहिली, झेंडी पडल्यावर निघाली. उतार अंगावर, वारं तोंडावर. पहिल्या फेरीपेक्षा थोडा जास्त वेळ लागला, फार नाही.

मग काकांची जोडी. बैल रेषेपर्यंत येईनात. धुरकरी मागून जवळ आला की उजवा बैल मान वळवून बघायचा आणि अंग चोरायचा. कसेबसे उभे केले. झेंडी पडायच्या आधीच धुरकऱ्याचा हात शेपटीकडं गेला, आणि जोडी उधळली ती दाणीवर नाही, आडवी, हरभऱ्यात. छकडी कलंडली. धुरकरी उडी मारून वाचला. बैल दोन वावरं ओलांडून ओढ्यात सापडले.

धरून, शांत करून, नवी छकडी जोडून रेषेवर आणेपर्यंत घड्याळात एक तास तीन मिनिटं झाली होती.

काका पुतण्याजवळ आले. आवाज खाली होता. ‘‘जोडी उभी आहे. झेंडी पाडायला सांग.’’

‘‘काका, तास होऊन गेला.’’

‘‘तीन मिनिटं. तीन मिनिटांनी काय आभाळ कोसळतं? मागं घे घड्याळ. तुझंच आहे ना ते?’’

पोराच्या तोंडाला कोरड पडली. लहानपणी बैलपोळ्याला याच काकांच्या खांद्यावर बसून तो मिरवणुकीत गेला होता. शाळेची फी याच माणसानं भरली होती. त्यानं मामाकडं बघितलं. मामा दुसरीकडं बघत होता, मुद्दाम.

‘‘एकसष्ट मिनिटं,’’ पोरगा म्हणाला. काकांना कळेना. मग तो एका दमात बोलत सुटला. ती बाराशेची गाडी, काका, ती आवाजाच्या पुढं दोन दिवस आधीच गेली होती. तेरा ऑक्टोबरला. जातानाही, येतानाही. पण गाडी वळवणं, इंधन भरणं, पॅराशूटं पुन्हा बसवणं यात वेळ गेला, एकसष्ट मिनिटं झाली. एका मिनिटानं गेला विक्रम. पुढं त्यांनी काय केलं? भांडले नाहीत. पंधरा तारखेला पुन्हा पळवली, दोन्हीकडून, तासाच्या आत. आपण आज सर्वांत जोरात गेलो हे त्यांना माहीत होतं, सगळ्या जगाला माहीत होतं, तरी तेरा तारखेचा आकडा विक्रमात धरलेला नाही.

‘‘गोऱ्यांच्या गोष्टी आम्हाला सांगू नको,’’ काका म्हणाले आणि मामाकडं वळले. ‘‘पाव्हणे, आमच्या घरात हे तुम्ही पेरलंत.’’

मामा काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात पशुवैद्यक उजव्या बैलाच्या मागून उठले. त्यांनी शेपटीच्या मुळाशी बोट लावून बघितलं होतं. बोटाला रक्त होतं. एक नाही, ओळीनं चार-पाच टोचे. काही ताजे, काही सकाळचे. धुरकऱ्याच्या बाहीत खिळा ठोकलेली टीचभर काडी निघाली.

टोचणी, आर, विजेचा झटका, या सगळ्याला कायद्यानं मनाई आहे, हे पटाच्या परवानगीच्या कागदावरच लिहिलेलं असतं. तो कागद कमिटीच्या खिशात होता. खरं सांगायचं तर मागच्या कित्येक पटांत अशा काड्या अनेकांच्या बाहीत होत्या आणि अनेकांना ते ठाऊक होतं. एका फेरीत भीती आणि ताकद यांतला फरक घड्याळाला दिसत नाही. पाव सेकंदानं भीती पुढंही असते.

कमिटीनं काकांची जोडी बाद केली. पोलिसांत काय लिहायचं यावर रात्री उशिरापर्यंत खलबतं झाली, आणि गावात मोठ्या माणसाच्या बाबतीत जे होतं ते झालं: सगळा दोष धुरकऱ्यावर गेला. तो रोजंदारीचा माणूस. काडी कुणी दिली हे त्याला कुणी विचारलं नाही. हे मला अजून आवडलेलं नाही आणि पोरालाही आवडलं नाही. त्यानं कमिटीसमोर तसं बोलून दाखवलं, आणि त्या रात्री त्याला काकांच्या घरी जेवायला बोलावणं आलं नाही. तो मामाच्या मोटारसायकलवर मागं बसून जालन्याला परतला. रस्त्यात दोघं एका शब्दानं बोलले नाहीत.

जाफराबादच्या शेतकऱ्यानं बक्षिसाची गाडी घेतली आणि तिथंच विकून टाकली. त्याला मोटर घ्यायची होती, विहिरीवर बसवायला. कुणीतरी विचारलं, बैलांना उलटं पळायला शिकवलं कधी? तो म्हणाला, ‘‘शिकवायचं काय त्यात? रोज रानातून परत यायला लागतंच की त्यांना.’’

काकांचं आणि पुतण्याचं बोलणं बंद राहिलं. पाडव्याला नाही, अक्षय तृतीयेला नाही. पाऊस झाला, पेरण्या झाल्या. जोडी काकांनी विकली असं ऐकू आलं, मग नाही विकली असं ऐकू आलं. म्हातारीनं दाणीवर पोरांना क्रिकेट खेळायला परवानगी दिली, एका अटीवर: खेळ संपल्यावर प्रत्येकानं पाच खडे उचलून तालावर टाकायचे.

पोळा होऊन गेल्यावर एका दुपारी काका दुकानाच्या दारात उभे. हातात छकडीचा आस. पोरगा लेथवर होता, मामा आत. काकांनी आस खाली ठेवला, स्टुलावर बसले, पाणी प्यायले. इकडचं तिकडचं झालं: सोयाबीन पिवळं पडलंय, कपाशीला भाव नाही. उजव्या बैलाच्या जखमा भरल्या, पण अजून मागून कुणी आलं की दचकतो, म्हणून आता दाणा-पाणी ते स्वतः करतात. नवा धुरकरी ठेवलेला नाही.

‘‘आस वाकलाय,’’ काका म्हणाले.

मामानं तो सेंटरवर चढवला, डायल गेज लावलं, हातानं फिरवला. काटा बराच हलला. ‘‘हरभऱ्यात गेला तेव्हाचाच आहे. सरळ होईल, पण पुन्हा वाकेल. नवा कातून देतो.’’

‘‘किती होतील?’’

मामानं आकडा सांगितला. काकांनी निम्म्यावर बोलणी सुरू केली. दोघं बराच वेळ घासाघीस करत राहिले, आणि मग मधेच काका पोराकडं न बघता त्यालाच म्हणाले, ‘‘काय रे, नदीकडून पाराकडं फिरवायला आत्तापासून धरलं तर माघापर्यंत जमंल का? का आधी नुसतं चालतच न्यावं?’’

‘‘आधी चालत,’’ पोरगा म्हणाला. ‘‘मी शनिवारी येतो.’’

‘‘शनिवारी बाजार असतोय. रविवारी ये,’’ काका म्हणाले आणि मामाकडं वळले. ‘‘आणि पाव्हणे, बेअरिंग धरून सांगा. वरनं लावाल नाहीतर.’’